शून्याचा भरवसा

सेंटओएस ७ चा आधार ३० जून २०२४ ला संपणार, ही तारीख आमच्या ऑफिसातल्या फळ्यावर खूप आधीपासून लिहिलेली होती. मेल सर्व्हरच्या बाबतीत अशा तारखा लिहून फारसा उपयोग नसतो. तो चालू असतो तेव्हा कुणी हात लावू देत नाही आणि बंद पडला की कुणी वेळ देत नाही. सातवरून आठवर जायचा सरळ रस्ताही उरला नव्हता. सेंटओएस ८ हे २०२१ च्या अखेरीस बंद होणार, अशी घोषणा ८ डिसेंबर २०२० लाच झाली होती. त्यामुळे बिऱ्हाड हलवायचं तर नव्या गल्लीत, हे नक्की होतं.

आमचा व्याप फार मोठा नाही. कोल्हापूर-सांगली भागातल्या पतसंस्था, दोन-चार साखर कारखाने आणि काही महाविद्यालयं यांचे मेल आम्ही सांभाळतो. कंपनीचे मालक, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणतो, जुने फ्रीबीएसडीवाले. झेडएफएसचा स्नॅपशॉट घेऊन ठेवला की अपग्रेड फसलं तरी लगेच मागे येता येतं, हा त्यांचा ठेवणीतला मुद्दा, आणि तो खोटा नाही. त्यामुळे नवी गल्ली फ्रीबीएसडीची ठरली. मेल हलवणारा प्रोग्राम तोच राहणार होता, पोस्टफिक्स. वित्से वेनेमा यांनी आयबीएमच्या संशोधन विभागात असताना लिहिलेला, १९९८ पासून लोकांच्या हातात असलेला. त्याच्या सेटिंगच्या फाइली इकडून तिकडे नेल्या तर किरकोळ बदलांनी चालतात. खरं काम होतं त्याच्याभोवती उभ्या केलेल्या आमच्या स्क्रिप्टचं. ते माझ्या वाट्याला आलं.

ही स्क्रिप्ट आमच्या आधीच्या ॲडमिननी लिहिलेली. ती दर काही मिनिटांनी क्यू मोजायची. एखाद्याच खात्यातून अचानक ढीगभर मेल निघायला लागले, तर पासवर्ड फुटला असावा असं धरून त्या खात्याचे मेल रोखून ठेवायची. नको असलेल्या डोमेनची यादी सांभाळायची, जुने बाउन्स साफ करायची आणि सकाळी सातला सरांना अहवाल पाठवायची: क्यूत किती अडकलेत, काल किती परत आले, कुणाचे परत आले.

या अहवालाचं महत्त्व सप्टेंबरमध्ये कळतं. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हाव्या लागतात आणि सभासदांना चौदा दिवस आधी सूचना जावी लागते. त्यामुळे ऑगस्टच्या अखेरीपासून एकेका पतसंस्थेतून हजारो मेल एकदम सुटतात. पत्त्यांची यादी बहुधा दहा वर्षांपूर्वीची असते. निम्मे पत्ते मेलेले, काहींच्या पेट्या भरलेल्या, काही डोमेनच नाहीशी झालेली. क्यू फुगते. अशा वेळी क्लार्कच्या खात्यातून सुटलेली सभेची नोटीस आणि चोराने त्याच खात्यातून सोडलेला कचरा यांत फरक करायचा असतो, आणि तोही लवकर. नोटीस चुकून अडकून राहिली तर सभेच्या कायदेशीरपणावरच कुणीतरी बोट ठेवतो.

काम सुरू केलं तेव्हा पहिला दिवस तक्रारींचा गेला, आणि तो मला आवडला. स्क्रिप्ट चालवली, तर उत्तर आलं की अशी फाइलच नाही. फाइल तर समोर दिसत होती. नव्हता तो बॅश. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत त्याचा लिनक्सवरचा पत्ता लिहिलेला होता आणि फ्रीबीएसडीच्या मूळ संचात बॅश येतच नाही; वेगळा घेतला तर तो ‘यूएसआर लोकल’ खाली जाऊन बसतो. पोस्टफिक्सच्या सेटिंगही तिथेच, ‘यूएसआर लोकल ईटीसी’ मध्ये. सिस्टिमडी नाही, त्यामुळे सर्व्हिस चालू-बंद करायच्या आज्ञा वेगळ्या. युजर तयार करायची आज्ञा वेगळी. तारखेचा हिशेब करणारी ‘डेट’ची लिनक्सी लकब इथे चालत नाही. प्रत्येक ठिकाणी स्क्रिप्ट अडखळली, ओरडली, थांबली. मी ओळ बघायची, दुरुस्त करायची, पुढे जायचं. बॅश वेगळा बसवण्यापेक्षा सगळं साध्या ‘एसएच’मध्ये लिहायचं ठरवलं. रात्री सर्व्हर अर्धवट उठलेला असतानाही जे हाताशी असतं, त्याच्यावर आणीबाणीचं काम चाललं पाहिजे.

दोन दिवसांत ओरडा थांबला. स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत एकही चूक न दाखवता पळाली. काळजी करण्यासारखं सगळं त्यानंतर सापडलं.

नको असलेल्या डोमेनच्या यादीतून एक नाव काढायची ओळ ‘सेड’ वापरत होती. फाइल जागच्या जागी बदलायला ‘सेड’ला ‘हायफन आय’ द्यायचं, हे लिनक्सवर हात बसलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. फ्रीबीएसडीच्या ‘सेड’लाही ते कळतं, पण त्याला त्याच्यापुढे जुन्या प्रतीला जोडायचं शेपूट हवं असतं, आणि जे पुढे दिसेल ते तो शेपूट म्हणून उचलतो. स्क्रिप्टमध्ये एका ठिकाणी ‘हायफन आय’ नंतर थेट बदलाची आज्ञा होती. तिथे ‘सेड’ने ती आज्ञा शेपूट समजून बाजूला ठेवली आणि फाइलचा पत्ताच आज्ञा म्हणून वाचायला घेतला. पत्त्यातला ‘यूएसआर’ दोन तिरक्या रेघांच्या मध्ये असल्यामुळे त्याला तो शोधायचा मजकूर वाटला, पुढच्या ‘लोकल’मधला ‘एल’ ही त्याची खरीखुरी आज्ञा निघाली, आणि ‘एल’च्या पुढे फालतू अक्षरं आहेत म्हणून तो रागावला. हे वाचून हसू आलं, पण निदान तो बोलला तरी.

दुसऱ्या ठिकाणी ‘हायफन आय’ आणि मग ‘हायफन ई’ असं सुटं लिहिलेलं होतं. तिथे ‘हायफन ई’ हेच शेपूट झालं. बदल व्यवस्थित झाला, चूक काही आली नाही, फक्त यादीशेजारी तिच्याच नावाची, शेवटी ‘हायफन ई’ लागलेली एक नवी फाइल येऊन बसली. त्या फोल्डरमधल्या सगळ्या याद्यांचे तक्ते बनवणारी ओळ पुढे होतीच. तिने या उपऱ्या फाइलचाही तक्ता बनवला. नुकसान काही नाही, पण सहा महिन्यांनी कुणी त्या फोल्डरमध्ये गेलं असतं तर खरी यादी कोणती, हा प्रश्न पडला असता. शेपूट ‘हायफन आय’ला चिकटवून लिहिलं की दोन्ही सिस्टिम एकच अर्थ घेतात. मी तसं केलं, आणि तेव्हापासून स्क्रिप्ट नीट पळते यावर समाधान मानायचं सोडून ती काय मागे ठेवते हे तपासायला लागले.

तपासणीसाठी मी मुद्दाम काही मेल अशा पत्त्यांवर सोडले होते, जिथून उत्तर येणारच नाही. ते क्यूत अडकून बसायला हवेत आणि स्क्रिप्टने ते मोजायला हवेत. अहवाल आला: अडकलेले मेल शून्य. मी हाताने ‘मेलक्यू’ चालवलं. पडद्यावर तेच ओळखीचं वाक्य, मेल क्यू इज एम्प्टी. मेल खरोखर गेले असतील का? जाणं शक्यच नव्हतं. मग पोस्टफिक्सची स्वतःची आज्ञा, ‘पोस्टक्यू’, चालवली, तर सगळे मेल शिस्तीत तिथेच बसलेले.

कारण असं की, फ्रीबीएसडीवर ‘मेलक्यू’ आणि ‘सेंडमेल’ ही नुसती दारं आहेत. त्यांच्यामागे ‘मेलरॅपर’ नावाचा एक छोटा प्रोग्राम बसलेला असतो आणि तो एका फाइलमध्ये बघून ठरवतो की आलेल्याला कुणाकडे पाठवायचं. पूर्वी तो सेंडमेलकडे पाठवायचा. एरिक ऑलमन यांचा सेंडमेल बर्कलीतच जन्मला आणि १९८० च्या दशकापासून बीएसडीच्या घरातलाच होता. पण नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या फ्रीबीएसडी १४ पासून ती जागा डीएमए नावाच्या एका लहानशा मेल एजंटला मिळाली. पोस्टफिक्सचं पॅकेज बसवल्यावर ‘मेलरॅपर’ची फाइल बदलून घ्या, असं ते पॅकेजच सांगतं; ती पायरी आमच्या क्रमात पुढे होती. तोवर ‘मेलक्यू’ डीएमएला विचारत होतं आणि डीएमए प्रामाणिकपणे आपली क्यू रिकामी असल्याचं सांगत होता. सेंडमेल असता तर त्याच्या उत्तरात त्याच्या फोल्डरचं नाव आलं असतं आणि शंका आली असती. डीएमएचं वाक्य मात्र पोस्टफिक्सच्या वाक्याशी अक्षरशः जुळतं.

ती पायरी पूर्ण केल्यावर ‘मेलक्यू’ बरोबर उत्तर द्यायला लागलं. पण मला आता त्या शून्याचीच धास्ती बसली होती. स्क्रिप्टमध्ये जिथे जिथे शून्य येऊ शकतं त्या सगळ्या जागा मी एका कागदावर काढल्या आणि प्रत्येकीपुढे एकच प्रश्न लिहिला: हे शून्य ‘काही नाही’चं आहे की ‘बघितलंच नाही’चं?

कालच्या बाउन्सचं शून्य दुसऱ्या प्रकारचं निघालं. सेंटओएसवर मेलचा लॉग डीफॉल्टने आठवड्यातून एकदा फिरवला जातो, म्हणजे जुना बाजूला होतो आणि नवा कोरा सुरू होतो. त्यामुळे सकाळी सातला चालू लॉगमध्ये काल शोधला की तो सापडतो. फ्रीबीएसडीवर हे काम ‘न्यूसिसलॉग’ करतो आणि मेलचा लॉग तो रोज मध्यरात्री फिरवून, दाबून ठेवतो. सकाळी सातला चालू लॉगमध्ये ‘काल’ नावाची गोष्टच नसते. काल एकही बाउन्स नाही, असा छान अहवाल रोज गेला असता.

हे कळल्यावर मी जुन्या सर्व्हरचे जुने अहवाल उघडले. तिथे लॉग फिरायचा तो रविवारी पहाटे. म्हणजे रविवारी सातला जाणाऱ्या अहवालात शनिवारचे बाउन्स येणं शक्यच नव्हतं, आणि खरोखरच दर रविवारी तिथे शून्य होतं. वर्षानुवर्षं. सरांना विचारलं, तर ते म्हणाले, “शनिवारी संस्था अर्धा दिवस असतात, म्हणून कमी येत असतील असं आपण धरून चाललो होतो.” कमी आणि शून्य यांतला फरक कुणाला खटकला नाही, कारण शून्य ही चांगली बातमी होती. नव्या सिस्टिमने हा दोष आणला नव्हता. तो रोजचा करून दाखवला, एवढंच.

मेलच्या ओळखक्रमांकाचंही असंच. पोस्टफिक्सचा जुना छोटा क्रमांक शून्य ते नऊ आणि ‘ए’ ते ‘एफ’ एवढ्याच चिन्हांचा असतो, आणि स्क्रिप्ट तेवढीच चिन्हं ओळखायची. नव्या सर्व्हरवर आम्ही लांब क्रमांक चालू केले होते. त्यात इतर व्यंजनंही येतात. चुकून शब्द तयार होऊ नयेत म्हणून स्वर तेवढे वगळलेले. जुन्या चाळणीतून लांब क्रमांकाचा एकही मेल खाली पडला नसता. निकाल पुन्हा शून्य.

लांब क्रमांक घेण्यामागे कारण होतं, आणि ते मला आधीच्या ॲडमिनच्याच एका टिपेतून मिळालं. मेल उडवण्याच्या ओळीवर त्यांनी लिहिलं होतं: ‘आधी रोखा, थांबा, पुन्हा बघा, मग उडवा. हे काढू नका.’ का, ते लिहिलेलं नव्हतं. पोस्टफिक्सच्या मॅन्युअलमध्ये शोधल्यावर उलगडा झाला. छोटा क्रमांक फाइलच्या डिस्कवरच्या जागेच्या क्रमांकावरून बनतो. एक मेल पोचून त्याची फाइल मिटली की तीच जागा नव्या मेलला मिळू शकते, आणि मग क्वचित क्रमांकही तोच येऊ शकतो. मधल्या क्षणी उडवायची आज्ञा सुटली, तर भलताच मेल जाईल. शक्यता अगदी बारीक, पण हजारो मेलच्या गर्दीत बारीक शक्यताही मोजावी लागते. रोखलेला मेल परत सोडता येतो, उडवलेला येत नाही; म्हणून आधी रोखायचं. लांब क्रमांक पुन्हा वापरले जात नाहीत, त्यामुळे तो धोका मुळातच जातो. पायरी मात्र मी ठेवली आणि तिच्याखाली कारण लिहिलं.

याच कारणाने जुनी क्यू उचलून नव्या सर्व्हरवर टाकायचा बेत सोडला. फाइलची जागा बदलली की छोटे क्रमांक जुळत नाहीत. पोस्टफिक्सकडे ते जुळवून घ्यायची सोय आहे, पण घाई नव्हती. नवे मेल नव्या सर्व्हरकडे वळवले आणि जुन्याला त्याची क्यू आपणहून रिकामी करू दिली. न पोचणारा मेल पोस्टफिक्स डीफॉल्टने पाच दिवस धरून ठेवतो. त्यानंतर जुन्याकडे राहण्यासारखं फारसं काही उरत नाही. याद्यांचे बनवलेले तक्तेही नेले नाहीत. दोन्हीकडचा बर्कली डीबी वेगवेगळ्या पिढ्यांचा, फाइलींची मांडणी वेगळी. मूळ मजकुराच्या याद्या नेल्या आणि तक्ते तिकडेच नव्याने बनवले.

एवढं झाल्यावर स्क्रिप्टच्या रचनेचाच पुन्हा विचार केला. जुनी स्क्रिप्ट ऑपरेटिंग सिस्टिमला विचारून पोस्टफिक्सबद्दल माहिती काढत होती: फाइल अमुक ठिकाणी असणार, ‘मेलक्यू’चा मजकूर अमुक रांगेत येणार, लॉग अमुक दिवशी फिरणार. यातलं पोस्टफिक्सने स्वतः फारच थोडं कबूल केलेलं होतं. आता ती पोस्टफिक्सलाच विचारते. सेटिंगचं आणि क्यूचं ठिकाण ‘पोस्टकॉन्फ’ सांगतो. क्यूतले मेल ‘पोस्टक्यू’ जेसनमध्ये देतो. सेंटओएस ७ वरच्या २.१० आवृत्तीत ही सोय नव्हती; ती ३.१ पासून आली, त्यामुळे आधीच्या ॲडमिनना मजकूर चाळण्यावाचून पर्यायच नव्हता. जेसनमध्ये आगमनाची वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत येते. जुन्या मजकुरातल्या तारखेला वर्षच नसायचं. ३१ डिसेंबरला आलेला मेल १ जानेवारीला मोजला की तो येत्या डिसेंबरचा ठरायचा आणि त्याचं वय उणे निघायचं. तो हिशेब आता लागतच नाही. जे खरोखर सिस्टिमवर अवलंबून आहे, म्हणजे सर्व्हिस चालू करणं, लॉग शोधणं, युजर बनवणं, ते एका छोट्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवलं आहे. पुन्हा मुक्काम हलला तर तेवढीच फाइल उघडावी लागेल.

राहिला शून्याचा प्रश्न. लॉगच्या बाबतीत उपाय सोपा होता. अहवालात आता बाउन्सच्या आकड्याशेजारी, लॉगची पहिली आणि शेवटची वाचलेली ओळ किती वाजताची, हे छापलं जातं. कालचे चोवीस तास त्यात बसत नसतील, तर आकड्याऐवजी ‘कळलं नाही’ असं येतं. क्यूसाठी वेगळी युक्ती केली. पोस्टफिक्समध्ये रोखून ठेवलेला मेल मुदतीने संपत नाही. कुणी सोडेपर्यंत तो तिथेच राहतो. आम्ही स्वतःलाच एक मेल पाठवला आणि तो कायमचा रोखून ठेवला. त्यामुळे आमची क्यू कधीच रिकामी नसते. स्क्रिप्टला तो एक मेल दिसलाच पाहिजे. तो दिसला तर बाकीच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा. नाही दिसला तर आकडा टाकून द्यायचा आणि फोन वाजवायचा. त्या मेलच्या विषयातच तो का ठेवला आहे ते लिहिलं आहे, म्हणजे साफसफाईच्या भरात कुणी उडवायला नको.

सरांना हे सगळं दाखवलं तेव्हा त्यांनी स्क्रिप्टची लांबी बघितली आणि विचारलं, “काम तर पूर्वीइतकंच करते ना?” तेवढंच करत होती. वाढलेल्या ओळी तपासणीच्याच होत्या, आणि अशा ओळींचं बिल ग्राहकाला लावता येत नाही, हे त्यांचं म्हणणं मला मान्य होतं.

पुढे सप्टेंबरमध्येच, नोटिसा सुटण्याच्या ऐन दिवसांत, रात्री पॅकेजं अद्ययावत करताना जेसन वाचणाऱ्या ‘जेक्यू’ची गडबड झाली आणि त्याने काहीही छापायचं बंद केलं. जुन्या पद्धतीने त्या रिकाम्या मजकुराचं शून्य झालं असतं आणि सकाळी सगळं आलबेल असल्याचा अहवाल गेला असता. रोखलेला मेल दिसला नाही म्हणून फोन वाजला. ‘जेक्यू’ पुन्हा बसवला, मोजणी सुरू झाली, तर एका पतसंस्थेच्या नोटिसा मर्यादेपेक्षा जास्त सुटल्यामुळे रोखल्या गेलेल्या दिसल्या. संस्थेच्या सचिवांना फोन करून खात्री केली आणि मेल सोडून दिले. सभेला तेव्हा पंधरा दिवसांहून अधिक अवकाश होता.